बॉस दुसऱ्याच राउंडला आडवा पडतोय? हिट पॉइंट वाढवण्याआधी हे तपासा

मी गेली नऊ वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवते आहे. टेबलाभोवती बसून, फासे टाकून, गोष्ट रचत खेळायचा हा खेळ: प्रत्येक खेळाडू एक पात्र सांभाळतो, आणि बाकीचं जग आणि राक्षस चालवतो तो डीएम. आधी कॉलेजच्या गटासाठी, आणि आता दर रविवारी पुण्यात, घरच्या जेवणाच्या टेबलावर, पाच खेळाडूंसाठी. नवे डीएम माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा एकच तक्रार घेऊन येतात: "लढाई जमत नाही." मी खोदून विचारते तेव्हा कळतं की बहुतेकांनी एक उपाय आधीच करून पाहिलेला असतो, राक्षसाचे हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार सोसेल तो आकडा, दुप्पट करण्याचा. त्याने दुखणं बरं होत नाही, नुसतं लांबतं. असं का होतं ते खाली आकड्यांनी दाखवते.

आकडे खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकांतले आहेत. २०२४ मध्ये आलेल्या सुधारित पुस्तकात जिथे महत्त्वाचा फरक आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

लक्षणं

तुमच्या टेबलावर यातलं काय होतंय ते आधी बघा.

- ज्याच्यासाठी तुम्ही आठवडाभर तयारी केली तो बॉस (मुख्य शत्रू) एकच टर्न, म्हणजे एकच पाळी, खेळून मरतो. कधीकधी तोही मिळत नाही.
- लढाई कोण जिंकणार हे दुसऱ्या राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक राउंड) सगळ्यांना कळलेलं असतं, तरी पुढचा पाऊण तास हाणामारी चालू राहते. कुणी फोन काढतं, कुणी चहा टाकायला उठतं, आणि टर्न आला की विचारतं, "मध्ये काय झालं?"
- किरकोळ म्हणून ठेवलेली लढाई अचानक जिवावर बेतते. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला हे हमखास होतं.
- एक खेळाडू एक स्पेल (मंत्र) टाकतो आणि बाकीचे चौघं प्रेक्षक होतात.
- प्रत्येक लढाई सारखीच वाटते. दोन्ही बाजू मधोमध येतात आणि कुणीतरी संपेपर्यंत जागेवरून हलत नाहीत.

पहिली दोन लक्षणं एकमेकांच्या उलट दिसतात, पण बऱ्याचदा त्यांचं मूळ एकच असतं. त्यामुळे "माझ्याकडे लढाया लवकर संपतात" किंवा "माझ्याकडे लांबतात" एवढ्यावरून निदान करू नका. पुढच्या तीन लढायांनंतर वहीत चार गोष्टी लिहा: कितव्या राउंडला संपली, घड्याळात किती वेळ गेला, किती खेळाडू शून्यावर आले, आणि लढाई सुटली तेव्हा कुणाकडे किती स्पेल स्लॉट (दिवसाला मोजून मिळणाऱ्या स्पेलच्या संधी) शिल्लक होते. दोन मिनिटांचं काम आहे. आठवणीवर विसंबू नका, कारण लक्षात राहतात ते फक्त नाट्यमय क्षण.

पहिली तपासणी: स्टॅट ब्लॉक पूर्ण वाचला होता का?

स्टॅट ब्लॉक म्हणजे पुस्तकातली राक्षसाच्या आकड्यांची आणि क्षमतांची चौकट. याला काही खर्च नाही, म्हणून सुरुवात इथून. लढाई फिकी पडली की पुस्तक पुन्हा उघडा आणि राक्षसाकडे असलेलं काय काय तुम्ही वापरलंच नाही ते बघा.

गॉब्लिनचंच घ्या. सात हिट पॉइंटचा जीव, एका वारात जातो. पण त्याला दर टर्नला बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) लपता येतं किंवा वार न खाता बाजूला सटकता येतं. म्हणजे तो झाडामागून बाण मारतो, पुन्हा झाडामागे जातो आणि दिसेनासा होतो. हाच गॉब्लिन तुम्ही फायटरसमोर तलवार घेऊन उभा केलात, तर त्याच्याकडची एकमेव चांगली गोष्ट वाया गेली. लांडग्याचा साथीदार शिकारीला खेटून असेल, तर लांडग्याला ॲडव्हांटेज (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) मिळतो, म्हणून लांडगे दोन-दोन मिळून एकावर पडले पाहिजेत. हॉबगॉब्लिनचंही तसंच: साथीदार लक्ष्याच्या शेजारी असेल तर टर्नमध्ये एकदा २डी६, म्हणजे सहा बाजूंच्या दोन फाशांचं, जास्तीचं नुकसान. पाच खेळाडूंवर पाच हॉबगॉब्लिन एकेक करून वाटलेत तर ते २डी६ कधीच टाकले जाणार नाहीत.

मी प्रत्येक राक्षसासाठी एका चिठ्ठीवर दोनच ओळी लिहिते: पहिल्या टर्नला काय करणार आणि मार बसायला लागला की काय करणार. ती चिठ्ठी स्क्रीनच्या, म्हणजे माझ्यासमोरच्या आडोशाच्या पुठ्ठ्याच्या, आतल्या बाजूला चिकटवते. टेबलावर पाच जण एकदम बोलत असताना स्टॅट ब्लॉक वाचून होत नाही.

दुसरी तपासणी: घड्याळ

लढाई लांबते अशी तक्रार असेल तर राक्षसाला हात लावण्याआधी वेळ मोजा. पाच खेळाडूंना प्रत्येकी दीड मिनिट आणि तुम्हाला तीन मिनिटं धरली तर एक राउंड साडेदहा मिनिटांचा होतो. चार राउंडना पाऊण तास लागणारच. यात तुमचे आठ राक्षस आठ वेगवेगळ्या इनिशिएटिव्हवर (फाशाने ठरणाऱ्या पाळीच्या क्रमावर) असतील, तर राउंड वीस मिनिटांवर गेलाच म्हणून समजा.

एका जातीच्या सगळ्या राक्षसांसाठी इनिशिएटिव्ह एकदाच टाका, पुस्तकातच तशी पद्धत दिलेली आहे. नुकसानाचे फासे टाकू नका. स्टॅट ब्लॉकमध्ये फाशांच्या आधी सरासरी छापलेली असते, गॉब्लिनसाठी ती ५ आहे, तीच वापरा. आणि आत्ता कोण, पुढे कोण हे मोठ्याने सांगा: "पॅलाडिन, तुझा टर्न. विझार्ड, तू तयार राहा." माझ्या टेबलावर एवढ्यानेच लढाया जवळपास एक तृतीयांश आखडल्या. रेंगाळणं एवढंच लक्षण असेल तर इथे थांबून दोन सेशन बघा, बहुतेक वेळा पुढे जायची गरज पडत नाही.

तिसरी तपासणी: हिशेब, आणि कुठल्या पुस्तकाचा

इथे एक चूक मला वारंवार दिसते. लढाई किती कठीण ते ठरवायला २०१४ च्या पुस्तकात राक्षसांच्या एक्सपीची (अनुभवगुणांची) बेरीज करून ती संख्येप्रमाणे गुणायची असते: दोन राक्षस असतील तर दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट, सात ते दहा असतील तर अडीचपट. २०२४ च्या पुस्तकात हा गुणाकार काढून टाकला आहे आणि तक्त्याची रचनाही बदलली आहे. तक्ता एका पुस्तकातून आणि गुणाकार दुसऱ्यातून घेतलात, तर येणाऱ्या आकड्याला काहीच अर्थ नाही. ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरत असाल तर तो कुठल्या आवृत्तीचा आहे ते बघून घ्या.

दुसरी गोष्ट पहिल्या लेव्हलची. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट साधारण सात. चोरून हल्ला करणाऱ्या बगबेअर या राक्षसाचा वार २डी८ अधिक २, आणि त्यावर बेसावध पकडल्याबद्दल २डी६. सरासरी अठरा. सात वजा झाले, उरले अकरा, आणि उरलेलं नुकसान पूर्ण हिट पॉइंटांइतकं किंवा जास्त असेल तर पात्र जागीच मरतं. जीव वाचवायची शेवटची टाक, डेथ सेव्ह, तीसुद्धा नाही. ज्या मुलीने आठवडाभर त्या विझार्डचं चित्र काढलं, तिचा गेम वीस मिनिटांत संपला. राक्षसाच्या ताकदीचा छापील आकडा, चॅलेंज रेटिंग, हे सांगत नाही. तिसऱ्या लेव्हलपर्यंत मी एकच हिशेब करते: या राक्षसाचा एक सरासरी वार सगळ्यात नाजूक पात्राला थेट मारून टाकतो का? टाकत असेल तर तो राक्षस तिथे येत नाही.

चौथी तपासणी: आधीची रात्र

बॉस लवकर मरतो तिथे निम्म्याहून अधिक वेळा मला कारण इथे सापडलं आहे.

२०१४ च्या पुस्तकाचा अंदाज असा की साहसाच्या एका दिवसात गट सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया पेलतो, आणि मध्ये दोनदा शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) घेतो. आपल्याकडे होतं काय? रविवारी चार तास मिळतात. त्यात गप्पा, प्रवास, बाजारहाट, आणि शेवटी एक लढाई. पुढच्या रविवारी सगळे लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती, जिने स्लॉट भरून येतात) घेऊन ताजेतवाने. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे नऊ स्पेल स्लॉट असतात. दिवसभरात पुरवून वापरायचे ते नऊच्या नऊ स्लॉट तुमच्या बिचाऱ्या बॉसच्या वाट्याला येतात. ८डी६ चा फायरबॉल, सरासरी अठ्ठावीस, आणि लगेच दुसरा.

वहीतला चौथा रकाना बघा. लढाई संपली तेव्हा गटाकडे भरपूर स्लॉट उरले होते आणि तरी बॉस मेला, तर दुखणं दुसरीकडे आहे. स्लॉट उधळून बॉस मेला असेल, तर राक्षस ठीक आहे आणि तुमचा दिवस छोटा आहे.

उपाय दोन. बॉसच्या आधी त्याच दिवसात दोन लहान चकमकी ठेवा, आणि झोपायला वेळ मिळणार नाही असं कथेतलं खरं कारण द्या. ओलीस माणसाला पहाटे घाटाखाली नेणार आहेत, एवढं पुरतं. दुसरा उपाय लांबच्या प्रवासाच्या मोहिमांसाठी. २०१४ च्या पुस्तकातच एक पर्यायी नियम आहे, ज्यात शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची होते. मी तो दोन मोहिमांत वापरला. तीन रविवार मिळून एक "दिवस" झाला आणि खेळाडू स्लॉट जपून वापरायला लागले. पण हा नियम मोहिमेच्या मध्यावर लादू नका. सुरुवातीलाच सगळ्यांना विचारून घ्या, कारण विझार्ड आणि क्लेरिक (देवाच्या बळावर स्पेल टाकणारं पात्र) खेळणाऱ्यांना तो सगळ्यात जास्त जाचतो.

पाचवी तपासणी: कोणाला किती टर्न

आता हिट पॉइंट दुप्पट करण्याचा उपाय आकड्यांत बघू. तिसऱ्या लेव्हलचे पाच जण, समोर एकटा ओगर, एक धिप्पाड राक्षस. ओगरचे ५९ हिट पॉइंट, आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) ११. तुमच्या गटाचा हल्ल्याचा बोनस पाच असेल तर वीस बाजूंच्या फाशावर सहा किंवा वर पडलं की वार लागतो, म्हणजे चारपैकी तीन वेळा. एका वाराचं साधारण आठ धरलं तर पाच जण मिळून एका राउंडला तीस काढतात. ओगर दुसऱ्या राउंडला आडवा. तोवर त्याने काय केलं? एक वार, सरासरी तेराचा. समोरच्याचा आर्मर क्लास सोळा असेल तर तो निम्म्याहून थोडा जास्त वेळा लागतो. राउंडला सातच्या आसपास.

ओगरचे हिट पॉइंट ११८ करा. लढाई आता चार राउंड चालते. पण ओगर अजूनही राउंडला सातच काढतो आणि ते पाच जणांत वाटले जातात. कुणाच्याही जिवाला धोका नाही. तुम्ही फक्त वेळ दुप्पट केलात, आणि पहिल्या लक्षणाचं दुसरं लक्षण झालं. दोन्हींचं मूळ एकच असतं असं वर म्हटलं ते हे.

त्याऐवजी ५९ चाच ओगर ठेवा आणि सोबत धनुष्यवाले चार गॉब्लिन द्या. चार गॉब्लिन मिळून राउंडला सरासरी दहा काढतात, ओगरचे सात, एकूण सतरा. शत्रूंचे सगळे मिळून हिट पॉइंट ८७, म्हणजे ११८ पेक्षा कितीतरी कमी, तरी धोका दुपटीहून जास्त. शिवाय खेळाडूंना पहिल्यांदा प्रश्न पडतो: आधी कोणाला? धनुष्यवाल्यांकडे कोण धावणार? ओगरला कोण अडवणार? टेबलावर लोक पुढे झुकून बोलायला लागतात. त्यासाठीच तर आपण जमतो. हिशेबाने ही लढाई २०१४ च्या तक्त्यात पाच जणांसाठी "कठीण"मध्ये बसते: एक्सपीची बेरीज ६५०, तिची दुप्पट १३००, आणि कठीणची सीमा ११२५.

माझा नियम असा: चार-पाच खेळाडूंसमोर एकटा शत्रू उभा करायचा असेल तर त्याच्याकडे दुसऱ्यांच्या टर्ननंतर काहीतरी करण्याची सोय हवी. मोठ्या ड्रॅगनांना लेजंडरी ॲक्शन दिल्यात त्या याचसाठी. ती सोय नसेल तर त्याला एकटा ठेवू नका.

सहावी तपासणी: एका सेव्हवर सगळं टांगलंय का?

एका मोहिमेत मी घाटात जकात वसूल करणारी लुटारूंची टोळी ठेवली होती. नाणेघाटात जकातीसाठी म्हणून दाखवतात तसा दगडी रांजण, त्याच्या बाजूला टोळीचा म्होरक्या. पुस्तकातला बँडिट कॅप्टन, ६५ हिट पॉइंट, टर्नमध्ये तीन वार. त्याचं बोलणं, त्याची जखम, त्याच्या भावाचा सूड, सगळं मी लिहून ठेवलं होतं. इनिशिएटिव्हमध्ये क्लेरिक पहिली आली. होल्ड पर्सन, माणसाला थिजवणारा स्पेल. माझ्या फाशावर आठ पडले. त्याचा विझडम सेव्ह (स्पेलमधून सुटायची टाक) अधिक दोन, म्हणजे दहा, आणि हवे होते तेरा. म्होरक्या जागच्या जागी थिजला. त्या अवस्थेत पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे दुप्पट फाशांचा, धरायचा. रोगचा (चोरपावलांनी लढणाऱ्या पात्राचा) स्नीक अटॅक दुप्पट फाशांनी, पॅलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा) स्माइट दुप्पट फाशांनी. तो बोलायच्या आधी मेला. खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांनी ते योग्यच केलं, त्यांचा डाव चांगला होता.

चूक माझ्या मांडणीत होती. तेरा गाठायला फाशावर अकरा हवेत, म्हणजे सेव्ह चुकण्याची शक्यता बरोब्बर निम्मी. अख्खी लढाई मी एका नाण्याच्या छाप-काट्यावर ठेवली होती.

तुमच्या गटाकडे शत्रूला थिजवणारे, भुलवणारे, दूर धाडणारे कुठले स्पेल आहेत त्याची यादी करा, आणि बॉसचा तो सेव्ह किती वेळा चुकेल ते काढा. पण त्या स्पेलपासून त्याला सरसकट सूट देऊ नका. क्लेरिकने तो स्पेल निवडलाय, तो चालला पाहिजे. सोबतचे धनुर्धारी स्पेल टाकणारीवर नेम धरू देत, म्हणजे तिला कॉन्सन्ट्रेशनचे (स्पेल टिकवायचे) सेव्ह टाकावे लागतील आणि बाकीच्यांना तिला जपावं लागेल. मोठ्या राक्षसांना दिवसातून तीनदा लेजंडरी रेझिस्टन्स (चुकलेला सेव्ह यशस्वी धरायची सोय) असतो. लहान म्होरक्यांसाठी माझा घरचा नियम आहे: एकदाच तो सुटू शकतो, पण सगळ्यांना दिसेल अशी किंमत मोजून. गळ्यातला ताईत फुटतो, किंवा ढाल दुभंगते आणि आर्मर क्लास दोनने उतरतो. स्पेल वाया गेला असं खेळाडूला वाटत नाही.

सातवी तपासणी: जागा

वीस बाय वीसची रिकामी खोली असेल तर कुठलाही राक्षस कंटाळवाणाच होणार. लक्षणांतलं शेवटचं, सगळं मधोमध गोठणं, इथून येतं. आणि आपल्याला जागा शोधायला लांब जावं लागत नाही. मी माझे बहुतेक नकाशे गडांवर फिरून काढलेत.

रायगडाचा महादरवाजा आठवा. दोन बुरुजांच्या कवेत दडलेला, समोर येईपर्यंत दिसत नाही. वाट वळण घेते, म्हणून सरळ धावत येऊन धडक मारायला जागा नाही, आणि वळताना दोन्ही बुरुजांवरून मारा होतो. याला गोमुखी बांधणी म्हणतात. हीच गोष्ट चौकटींच्या मॅटवर काढा: दहा फूट रुंद वाट, नव्वद अंशांचं वळण, दोन्ही बाजूंना पंधरा फूट उंचीवर जंग्यांआड (भिंतीतल्या मारा करायच्या भोकांआड) धनुर्धारी. जंगीआडच्या माणसाला थ्री-क्वार्टर्स कव्हर, म्हणजे आर्मर क्लासला अधिक पाच. आतल्या बाजूला पहारेकऱ्यांच्या देवड्या, आणि मोठ्या दारातली एक माणूस जेमतेम वाकून जाईल एवढी दिंडी. चार गॉब्लिनसुद्धा इथे तिसऱ्या लेव्हलच्या गटाला घाम फोडतात. आणि रोगला लगेच दिसतं की बुरुजाच्या बाहेरून चढलं तर वरचे दोघं पाठमोरे सापडतील. तिला तिची लढाई मिळाली.

प्रत्येक जागेत मी तीन गोष्टी असल्याची खात्री करते: कशाच्या तरी आड लपता यावं, कुठेतरी उंच चढता यावं, आणि एक अशी जागा जिथे उभं राहणं धोक्याचं आहे. सुरुवातीचं अंतरही ठरवा. दोन्ही बाजू साठ फुटांवर असतील तर पहिला राउंड धनुष्यवाल्यांचा, वीस फुटांवर असतील तर तलवारवाल्यांचा. हे न ठरवता "ते समोर उभे आहेत" म्हटलंत की बार्बेरियनच कायम आधी पोचतो.

आठवी तपासणी: शत्रूला काय हवंय?

ही आधीच्या सगळ्यांपेक्षा अवघड, कारण इथे आकडे मदतीला नाहीत. पण वहीत "निकाल दुसऱ्या राउंडला, शेवट सहाव्या राउंडला" असं वारंवार दिसत असेल, तर उत्तर बहुतेक इथेच आहे. तुमचे शत्रू मरेपर्यंत लढताहेत. का?

१६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाच्या फौजेला अरुंद वाटेत आणि दाट जंगलात कोंडलं. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. ती फौज शेवटच्या माणसापर्यंत लढली नाही. फौजेसोबतच्या रायबागन या सरदारीणबाईने सल्ला दिला, खानाने शरणागती पत्करली, हत्यारं आणि सामान टाकून फौज जीव घेऊन परत गेली. महाराजांना जे हवं होतं ते मिळालं, आणि लढाई तिथे संपली.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक नियमांत यासाठी सोपी सोय होती. प्रत्येक राक्षसाला मोरालचा (हिमतीचा) एक आकडा. बाजूचा पहिला जीव गेला की आणि निम्मे पडले की २डी६ टाकायचे. आकड्याच्या वर पडलं तर ते कच खातात. मी हा नियम पाचव्या आवृत्तीत जसाच्या तसा वापरते: भित्र्यांना सहा-सात, शिस्तीच्या सैनिकांना नऊ, अनडेडना (मरून पुन्हा उठलेल्यांना) टाकतच नाही. हरलेली बाजू पळाली किंवा शरण आली की रेंगाळणारा पाऊण तास आपोआप जातो. पुढच्या सेशनला कैद्याचं काय करायचं हा वादही मिळतो, आणि माझ्या अनुभवात तो वाद मूळ लढाईपेक्षा जास्त रंगतो.

घाटातला म्होरक्या मी वर्षभराने दुसऱ्या गटासमोर पुन्हा आणला. तेच ६५ हिट पॉइंट, तेच तीन वार. या वेळी त्याला जिंकायचं नव्हतं, रांजणातला पैसा खेचरांवर लादून घाट उतरायचा होता. चार राउंडांत खेचरं वळणाआड जाणार, हे मी खेळाडूंना उघड सांगितलं आणि मॅटवर चार दाणे ठेवले, दर राउंडला एक उचलायचा. दोन धनुर्धारी वर, दोघं जण खिंडीच्या तोंडाशी. तिसऱ्या राउंडला म्होरक्या खरंच थिजला, क्लेरिकचा स्पेल लागला. तरी लढाई संपली नाही, कारण खेचरं चालतच होती. रोग म्होरक्याला सोडून खेचरांमागे धावली. शेवटचा दाणा उचलताना टेबलावर कुणी बसलेलं नव्हतं, सगळे उभे होते. म्होरक्या मेला नाही. तो अजून त्या मोहिमेत आहे.

शेवटची तपासणी: हिट पॉइंट

हे सगळं करूनही वहीत तेच दिसत असेल, तर आता स्टॅट ब्लॉकला हात लावा. छापलेले हिट पॉइंट सरासरी असतात, शेजारी फासेही दिलेले असतात. ओगरचे ७डी१० अधिक २१, म्हणजे २८ ते ९१. त्या मर्यादेत राहा. आर्मर क्लास वाढवण्यापेक्षा हिट पॉइंट वाढवणं बरं, कारण टर्नची दहा मिनिटं वाट बघून वार हुकला की खेळाडूचा हिरमोड होतो. त्याहून चांगलं म्हणजे नुकसान थोडं वाढवा आणि हिट पॉइंट थोडे कमी करा, म्हणजे लढाई आखूड आणि धारदार होते.

लढाई चालू असताना चोरून हिट पॉइंट बदलू नका. खेळाडूंना ते कळतं. एकदा कळलं की कुठल्याच वारावर त्यांचा विश्वास बसत नाही. तोल सावरायला कथेतलाच खटका आधीपासून तयार ठेवा: शेजारच्या देवडीत झोपलेले दोघं, जे आवाज ऐकून येतीलही किंवा न येतीलही. लढाई अवघड झाली तर ते येत नाहीत, किंवा शत्रू खेळाडूंना मारण्याऐवजी बांधून नेतात.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

वरच्या सगळ्या तपासण्या करून तीन-चार लढाया झाल्या आणि फरक नाही, तर एकट्याने नियम पुन्हा लिहायला बसू नका. मी अशा डीएमना महिनोन् महिने स्वतःची चॅलेंज रेटिंगची पद्धत रचताना पाहिलंय. त्यात मोहीमच बंद पडते. त्याऐवजी अनुभवी डीएमला एका सेशनला बाजूला बसून नुसतं बघायला सांगा. आता पैसे घेऊन गेम चालवणारेही आहेत, त्यांच्या एका टेबलावर खेळाडू म्हणून बसा. आपल्या टेबलावरचं जे आपल्याला दिसत नाही, ते बाहेरच्याला अर्ध्या तासात दिसतं. तोवर छापील साहस चालवा, त्यातल्या लढाया निदान कुणीतरी खेळून तपासलेल्या असतात.

दोन खेळाडूंचं आपसात बिनसलं असेल, किंवा एकाला फक्त लढायचंय आणि दुसरीला फक्त बोलायचंय, तर खेळातली कुठलीही लढाई ते दुरुस्त करणार नाही. गेम बाजूला ठेवून एक संध्याकाळ बोला.

आणि एखाद्या प्रसंगाने कुणाची खरी जखम उघडी पडली, घरातला मृत्यू असो, हिंसा असो, काहीही, तर फासे तिथेच खाली ठेवा. मोहीम नंतर होईल. माणसाजवळ बसा, पण गेममधून त्यांच्यावर उपचार करायला जाऊ नका, ते आपलं काम नाही आणि त्यात इजा होऊ शकते. त्यासाठी समुपदेशक असतात. सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ वर चोवीस तास चालू असते. तो नंबर मी माझ्या स्क्रीनच्या आतल्या बाजूला, राक्षसांच्या चिठ्ठ्यांच्या वर लिहून ठेवला आहे.

अनुभवी डीएमकडे जाल तेव्हा "लढाई जमत नाही" एवढंच सांगू नका. वहीची पानं, खेळाडूंच्या स्पेलची यादी आणि फसलेल्या लढाईचा नकाशा सोबत न्या. शक्य झालं तर मॅटचा, शत्रू जिथे उभे होते तो फोटोही.